बॅटमॅनचा दुसरा जनक : बिल फिंगर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता आणि सकाळपासून पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे मित्र एका लॅपटॉपभोवती बसून २०२२ सालचा बॅटमॅनचा चित्रपट पाहत होतो. जवळजवळ तीन तासांनी तो संपला. आम्ही चहाला निघणार, तोच पडद्यावर सरकणाऱ्या नावांतील एक ओळ माझ्या खोलीतल्या जोडीदाराने वाचली आणि मला थांबवले. बॅटमॅन हे पात्र बॉब केन यांनी बिल फिंगर यांच्यासह निर्माण केले, अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ होती. माझा जोडीदार कन्नड माध्यमात शिकलेला, मी मराठी माध्यमात. इंग्रजी वाक्य समोर आले की आपापल्या भाषेत त्याचे काय होते ते पाहण्याची आम्हा दोघांना खोड आहे. मी त्या शब्दाला ‘सह’ म्हटले, त्याने ‘जोतेगे’ म्हटले. मग त्याने विचारले की, दोघांनी मिळून काम केले असेल तर सरळ ‘आणि’ का लिहिले नाही?

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. पेढीच्या पाटीवर भागीदारांची नावे ‘आणि’ने जोडतात, हे पहिल्या वर्षापासून पाहत आलेलो. हा ‘सह’ कोणत्या हिशेबात बसतो, हे मला सांगता येईना. त्या प्रश्नाचा थोडा रोख माझ्याकडेही होता. तो कसा, ते शेवटी सांगेन. त्या रात्रीपासून मी बिल फिंगरविषयी मिळेल ते वाचत गेलो. या एका शब्दामागे शहात्तर वर्षांची कथा निघाली. ती मराठी वाचकांसमोर ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

बिल फिंगरचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांनी ठेवलेले नाव मिल्टन. बिल हे त्याने पुढे स्वतःच घेतले. वडील शिंपीकाम करणारे. कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहावयास आले. पुढे १९२९ नंतरची महामंदी आली आणि वडिलांना आपले दुकान बंद करावे लागले. बिल १९३३ साली डिविट क्लिंटन या सरकारी हायस्कुलातून बाहेर पडला. त्याला लेखक व्हायचे होते. पण मंदीत लेखकाला कोण विचारणार? तो जोडे विकण्याचे काम करू लागला. दिवसा गिऱ्हाइकांच्या पायांची मापे घ्यावीत आणि उरलेल्या वेळी गोष्टी रचाव्यात, असा त्याचा क्रम होता.

१९३८ च्या सुमारास एका मेजवानीत त्याची बॉब केनशी गाठ पडली. केन त्याच शाळेचा विद्यार्थी, वयाने एक वर्षाने लहान आणि व्यंगचित्रकार. त्याला चित्रे काढता येत, कथा सुचत नसत. फिंगरला कथा सुचत, पण छापणारा नव्हता. दोघांचे जमले. फिंगरने कथा लिहाव्यात, केनने चित्रे काढावीत, छापून येताना त्यावर केनचे नाव असावे आणि त्याने फिंगरला आपल्या पदरचे पैसे द्यावेत, अशी ही व्यवस्था होती. ती तोंडी होती. कागद झाला नाही. दोघांपैकी कोणालाही कागदाची गरज वाटली नसावी, कारण तेव्हा वाटून घेण्यासारखे काही नव्हतेच.

याच वर्षी, म्हणजे जून १९३८ च्या अंकात, सुपरमॅन अवतरला. जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला होता आणि त्याचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरला विकून टाकले होते. मासिकाचा खप वाढला, तशी संपादकांना आणखी एक सुपरहिरो हवासा वाटू लागला. केनने शुक्रवारी हे ऐकले आणि सोमवारपर्यंत नवा नायक आणून देण्याचे कबूल केले, असे तो पुढे सांगत असे.

केनने एक चित्र काढले. तांबडे कपडे, डोळ्यांपुरता लहानसा मुखवटा आणि पाठीला ताठ पंख जोडलेला एक मनुष्य. नाव बॅटमॅन. हे चित्र घेऊन तो फिंगरकडे आला. फिंगरने कपाटातून शब्दकोश काढला, त्यातील वटवाघळाचे चित्र उघडले आणि केनला त्याचे कान दाखवले. डोके झाकणारा टोप करून त्याला असे कान लाव, असे त्याने सुचवले. डोळ्यांची बुबुळे काढून टाक, म्हणजे तो गूढ दिसेल. ताठ पंखांऐवजी झूल दे, म्हणजे तो धावताना ती पंखांसारखी पसरेल. तांबडा रंग जाऊ दे, करडा आणि काळा घे. हातांत मोजे घाल, नाहीतर गुन्ह्याच्या जागी बोटांचे ठसे राहतील. ही शेवटची सूचना मला फार आवडली. देखणेपणाबरोबर या नायकाचे व्यवहारात कसे निभेल, याचाही विचार फिंगर पहिल्या दिवसापासून करत होता.

नायकाच्या खऱ्या आयुष्यातील नावही फिंगरनेच दिले. ब्रूस हे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावरून आणि वेन हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती अँथनी वेन याच्यावरून. पुढे नायकाच्या शहराला नाव हवे होते, तेव्हा टेलिफोनच्या डिरेक्टरीत गॉथम नावाची एक सराफी पेढी त्याच्या नजरेस पडली आणि गॉथम सिटी जन्माला आली.

सोमवारी प्रकाशकांकडे केन एकटा गेला. करार त्याच्या एकट्याशी झाला. बॅटमॅनच्या प्रत्येक कथेवर निर्माता म्हणून फक्त बॉब केनचे नाव छापावे, हे त्यात पक्के झाले. फिंगर केनचा पगारी माणूस, म्हणून प्रकाशकांच्या वहीत त्याचे खातेच नव्हते. आम्हाला शिकवतात की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात; एक नावे आणि एक जमा. येथे एक बाजू लिहिलीच गेली नाही आणि तरीही ताळेबंद पुढे अनेक वर्षे जुळत राहिला.

बॅटमॅनची पहिली कथा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९ च्या सत्ताविसाव्या अंकात आली. ती फिंगरची, अवघी सहा पानांची. येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या कथेचे कथानक फिंगरने ‘द शॅडो’ या त्या काळच्या लोकप्रिय रहस्यनायकाच्या १९३६ सालच्या एका कथेवरून घेतले होते. आपण ती कथा समोर ठेवूनच लिहिले, हे त्याने पुढे कबूलही केले. म्हणजे ज्याच्या श्रमाची नोंद झाली नाही, त्याने स्वतःही पहिल्याच कथेत दुसऱ्याच्या श्रमावर हात मारला होता. हे वाचून मी प्रथम नाराज झालो. आपला नायक स्वच्छ असावा, अशी आपली इच्छा असते. पण मग मला वाटले की, माणसाला दोषासकट उभे करणे हीच तर फिंगरची खरी विद्या. त्याच्या चरित्रात ती आपण का सोडावी?

आता त्या विद्येविषयी.

पहिले सहा महिने बॅटमॅन कोण, तो रात्री का हिंडतो, चोरांच्या मागे का लागतो, याचे कोठेही उत्तर नव्हते. श्रीमंत तरुण, कंटाळा घालवण्यासाठी साहस करतो, एवढेच वाचकाला दिसे. मग नोव्हेंबर १९३९ च्या तेहतिसाव्या अंकात कथेच्या सुरुवातीला दोन पाने जोडली गेली. लहान ब्रूस आईवडिलांबरोबर रात्री सिनेमा पाहून घरी परतत आहे. वाटेत एक भुरटा चोर बंदूक रोखतो, त्याला आईच्या गळ्यातला हार हवा असतो. वडील आडवे येतात, गोळी सुटते, मग आईवरही. मुलगा तेवढा उरतो. काही दिवसांनी तो मेणबत्तीच्या उजेडात प्रतिज्ञा करतो की उरलेले आयुष्य गुन्हेगारांशी लढण्यात घालवीन. तो मोठा होतो, शास्त्र शिकतो, शरीर कमावतो. एका रात्री तो वडिलांच्या घरी एकटाच विचार करत बसला असताना उघड्या खिडकीतून एक वटवाघूळ आत येते आणि त्याला आपले रूप सापडते. बस्स, दोन पाने. या दोन पानांवर आज ऐंशीहून अधिक वर्षे शेकडो लेखकांचा आणि डझनावारी चित्रपट-मालिकांचा संसार चालला आहे.

ही दोन पाने एवढी का टिकली? सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून आला. त्याचे बळ त्याला जन्मतः मिळाले. ते त्याने का वापरावे, याला उत्तर एकच, तो चांगला आहे. बॅटमॅनला बळ मिळालेलेच नाही. त्याला मिळाले ते दुःख. बाकी सर्व त्याने कष्टाने कमावले, आणि म्हणून वाचणाऱ्या पोराला वाटते की हे मलाही जमेल. शिवाय त्याला मारणारा कोणी राक्षस नव्हता. मंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या कोणत्याही गल्लीत भेटावा असा तो भुरटा चोर होता. फिंगरने वाईटाचा उगम फार दूर नेला नाही, कोपऱ्यावर ठेवला.

आपल्या भागातील वाचकांना ही कथा परकी वाटू नये. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या घरांत रेणुका, जमदग्नी आणि परशुराम यांची कथा लहानपणीच कानावर पडते. पित्याचा वध झाला आणि पुत्राने प्रतिज्ञा केली, ही तीच मांडणी आहे. पण परशुरामाचा राग एका अपराध्यावर थांबला नाही. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केल्यावरही तो शमला की नाही, हा प्रश्न उरतोच. बॅटमॅनच्या मागेही हाच धोका उभा आहे. जखमेतून निघालेली प्रतिज्ञा माणसाला नायक करते, तशीच ती त्याला उन्मत्तही करू शकते. चांगल्या उगमकथेत नायकाचे बळ आणि त्याचा दोष एकाच प्रसंगातून निघतात, असे मला यावरून वाटू लागले. ज्या रात्रीने ब्रूस वेनला उभे केले, तिनेच त्याला कायमचा एकटा केला, संशयी केला, झोपेला पारखा केला.

गंमत अशी की, हे सगळे फिंगरलाही एकदम उमगले नव्हते. सुरुवातीचा बॅटमॅन पिस्तूल बाळगी, प्रसंगी माणसेही मारी. १९४० साली बॅटमॅनच्या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला, त्यात तर तो विमानातून मशीनगन चालवतो. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी फिंगरला बोलावून कानउघाडणी केली आणि यापुढे बॅटमॅन बंदूक वापरणार नाही, असा नियम घातला. मुले वाचतात, पालक ओरडतील, हे त्याचे व्यावहारिक कारण होते. पण त्या दोन पानांशेजारी ठेवताच या नियमाला वेगळाच अर्थ आला. ज्याचे आईबाप बंदुकीने मेले, तो बंदूक हातात धरणार नाही! धंद्याच्या सोयीसाठी केलेला नियम पात्राचा स्वभाव होऊन बसला. उगमकथा पक्की असली की बाहेरून आलेली गोष्टही ती आपलीशी करून घेते.

फिंगरला दुसरी अडचण भासली ती संवादाची. एकटा नायक बोलणार कोणाशी? सगळे विचार त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात किती दिवस लिहायचे? शेरलॉक होम्सला जसा वॉटसन, तसा बॅटमॅनला कोणी हवा, म्हणून एप्रिल १९४० मध्ये रॉबिन आला. त्याच्या घडणीत चित्रकार जेरी रॉबिन्सन याचाही हात होता. त्या मुलालाही उगमकथा मिळाली. तो सर्कशीतील झोक्यावर कसरती करणाऱ्या जोडप्याचा मुलगा. खंडणीबहाद्दरांनी घात केला आणि आईबाप झोक्यावरून पडून मेले. बॅटमॅन त्याला आपल्या घरी नेतो, कारण त्याला त्या मुलात स्वतःचे बालपण दिसते.

खलनायकांनाही फिंगरने असेच वागवले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याने टू-फेस आणला. हा मूळचा प्रामाणिक सरकारी वकील. न्यायालयात एक गुन्हेगार त्याच्या चेहऱ्यावर तेजाब फेकतो आणि अर्धा चेहरा विद्रूप होतो. तेव्हापासून एक बाजू खरवडलेले नाणे उडवून तो सत्कर्म करायचे की दुष्कर्म, हे ठरवू लागतो. जोकरचे पितृत्व केन, फिंगर आणि रॉबिन्सन या तिघांत वादग्रस्त राहिले. पण १९५१ साली जोकरचा भूतकाळ प्रथम सांगितला तो फिंगरनेच. या माणसाला कोणीही नुसता चांगला किंवा नुसता वाईट म्हणून लिहिता येत नसे. त्याला प्रत्येकाचे मागचे पान हवे असे.

हे लिहायला त्याला वेळ लागे. तो जवळ वह्या बाळगत असे. कोठे काही विचित्र यंत्र, एखाद्या धंद्याची रीत, शास्त्रीय चमत्कार वाचला की त्यात टिपून ठेवायचा. वर्तमानपत्रे आणि मासिकांतील कात्रणे काढायचा आणि चित्रकाराच्या सोयीसाठी कथेबरोबर पाठवायचा. बॅटमॅनच्या कथांत प्रचंड मोठ्या आकाराचे टंकलेखनयंत्र, तसल्याच इतर वस्तू आणि त्यांवर चाललेली मारामारी, ही त्याचीच खास आवड. चित्रकार त्याच्या कथांवर खूश असत. संपादक मात्र हैराण, कारण कथा कधीही वेळेवर येत नसे. पैशाचा त्याला मेळ बसवता येत नसे. तो उचल घेई, मग ती फेडण्यासाठी लिही, आणि लिहून होण्याआधी पुन्हा उचल मागण्याची पाळी येई. मुदती चुकवणारा माणूस, म्हणून त्याचे नाव झाले. उचलीवर जगणाऱ्याला भांडता येत नाही, हे कोणत्याही कारखान्याच्या दारात पाहायला मिळते. फिंगर स्वभावाने सौम्य, भिडस्त होता. आपले नाव छापा, असे तो ठासून कधी म्हणालाच नाही. केनने त्याला दाबले, हे खरे. पण त्याने स्वतःलाही आवरून धरले, हेही तितकेच खरे.

१९४८ साली बॅटमॅनच्या सत्तेचाळिसाव्या अंकात फिंगरने ती उगमकथा पुन्हा हाती घेतली. नऊ वर्षे निनावी राहिलेल्या मारेकऱ्याला त्याने जो चिल हे नाव दिले. बॅटमॅन त्याला गाठतो आणि पुरावा नसल्याने त्याच्यासमोर आपला मुखवटा उतरवतो. ज्या मुलाच्या आईबापांना तू मारलेस, तो मी. घाबरलेला चिल आपल्या साथीदारांकडे पळतो आणि बॅटमॅन मुळात आपल्यामुळे निर्माण झाला, हे त्यांना सांगून बसतो. ते संतापतात आणि मागचापुढचा विचार न करता त्याला गोळ्या घालतात. बॅटमॅनचे खरे नाव त्याच्या ओठांवरच राहते. बॅटमॅनला मीच घडवले, असे म्हणणाऱ्याला त्याच्याच लोकांनी संपवले, ही कथा लिहिताना फिंगरच्या मनात काय होते, हे कोणी सांगावे? मला मात्र ती वाचून झाल्यावर काही वेळ पुढचे पान उलटवेना.

बॅटमॅनच्या कथा तो १९६० नंतरही काही वर्षे लिहीत राहिला. पंचवीस वर्षे झाली तरी बहुतेक वाचकांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सच्या चाहत्यांचा एक मेळावा भरला. तेथे तो व्यासपीठावर बसला आणि बॅटमॅन कसा घडला हे बोलला. जेरी बेल्स या अभ्यासकाने त्याची माहिती घेऊन त्याच्या कामगिरीवर दोन पानी लेख लिहून वाटला. हे कळताच केनने चाहत्यांच्या नियतकालिकाला लांबलचक पत्र पाठवून फिंगरचा दावा खोडून काढला. बॅटमॅनचा निर्माता मी एकटाच, असा त्या पत्राचा आशय होता. जो माणूस आवाज चढवत नव्हता, त्याने एकदाच आवाज काढला, तर हे उत्तर मिळाले.

१९६६ साली बॅटमॅन टेलिव्हिजनवर आला आणि अमेरिकाभर त्याचे वेड पसरले. त्या मालिकेतील दोन भागांची एक कथा फिंगरने मित्र चार्ल्स सिंक्लेअर याच्याबरोबर लिहिली. घड्याळांनी पछाडलेल्या एका खलनायकाची ती कथा. पडद्यावर लेखक म्हणून त्याचे नाव झळकले. मात्र आरंभी निर्माता म्हणून नाव केनचेच होते. मुदती कधी न पाळलेल्या माणसाने घड्याळवाल्यावर कथा लिहावी, हाही एक योग.

१८ जानेवारी १९७४ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी बिल फिंगर एकटाच असताना मरण पावला. वय एकोणसाठ. मृतदेह सिंक्लेअरला सापडला. त्याला बेवारशांच्या दफनभूमीत पुरले, असे पुष्कळ वर्षे सांगितले जात होते. ते खरे नव्हते. त्याच्या मुलाने त्याचे दहन करवले आणि अस्थींची राख ऑरेगॉनच्या समुद्रकिनारी नेऊन वाळूवर वटवाघळाच्या आकारात पसरली. लाटा आल्या, राख घेऊन गेल्या. म्हणून फिंगरची समाधी कोठेच नाही. केन १९९८ साली वारला. हॉलिवूडजवळ त्याची कबर आहे आणि तिच्यावर बॅटमॅनच्या निर्मितीचे श्रेय देणारा लांब मजकूर कोरला आहे. त्यात फिंगर नाही. तरी न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, १९८९ साली छापलेल्या आत्मचरित्रात केनने आपल्या मित्राला श्रेय द्यायला हवे होते, असे मान्य केले होते. तोपर्यंत मित्राला जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

कागद नाही, साक्षीदार एकेक करून गेले, मुलगाही १९९२ मध्ये वारला. हिशेब येथेच बंद व्हायचा. पण मार्क टायलर नोबलमन या लेखकाने मुलांसाठी फिंगरचे चरित्र लिहावयास घेतले आणि शोध घेता घेता त्याला फिंगरची नात सापडली. वारस कोणी नाही, अशी समजूत होती, ती खोटी ठरली. नोबलमनचे पुस्तक २०१२ मध्ये आले. नातीने आजोबांच्या नावाचा आग्रह धरला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, यापुढे बॅटमॅनवर बिल फिंगरचेही नाव राहील. २०१६ सालच्या बॅटमॅन-सुपरमॅन चित्रपटात ते मोठ्या पडद्यावर प्रथम आले. डिसेंबर २०१७ मध्ये ब्राँक्समधील एका रस्त्याच्या कोपऱ्याला त्याचे नाव दिले गेले. जवळच पो पार्क नावाची बाग आहे. केन आणि फिंगर तेथील बाकावर बसून कथा रचत असत.

‘आणि’ का नाही, याचे उत्तर आता मिळते. केनच्या जुन्या करारातील जागा अबाधित ठेवून दुसरे नाव शेजारी बसवायचे होते. म्हणून ‘सह’. खतावणीत चूक सापडली तर आम्ही जुनी नोंद खोडत नाही, खाली दुरुस्तीची नोंद करतो. हा शब्द तशी दुरुस्तीची नोंद आहे. ती अपुरी आहे, फार उशिरा आली आहे, पण वहीत आली आहे.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी एक एकांकिका लिहिली होती. तीत एक कारकून कोणत्याही मोहाला बळी न पडता लाच नाकारतो. तालमीत सगळ्यांना ते खोटे वाटे. तो का नाकारतो, हे मलाच ठाऊक नव्हते. एका रात्री माझ्या कन्नड जोडीदाराने अंथरुणात पडल्या पडल्या सुचवले की, त्याच्या लहानपणी वडिलांचे भिशीचे पैसे कोणीतरी बुडवले असे दाखव. आणि घरात एकदा अशी वेळ आली की त्यानेही वडिलांच्या खिशातून चोरी केली, हेही दाखव. मी दुसऱ्या दिवशी तो प्रसंग लिहिला आणि नाटक उभे राहिले. बक्षीस मिळाले. पत्रिकेवर लेखक म्हणून एकच नाव होते, माझे. त्याने कधी तक्रार केली नाही. चित्रपट संपल्यावर त्याने तो ‘आणि’चा प्रश्न मुद्दाम विचारला की सहज, हे मला अजूनही कळलेले नाही, आणि विचारण्याचा धीर झालेला नाही.

नाट्यमंडळाच्या वहीत त्या एकांकिकेची प्रत आहे. मागच्या आठवड्यात मी तिच्या पहिल्या पानावर माझ्या नावापुढे ‘आणि’ लिहून त्याचे नाव घातले. एकदा देवनागरीत, एकदा कन्नड लिपीत. दुरुस्ती हे खरे, पण ‘सह’ नको होते. या लेखातही त्याचे नाव छापावे म्हणून मी त्याची परवानगी मागितली. त्याने हसून नकार दिला. याच अंकाच्या कन्नड विभागात त्याची कथा आहे, तिच्या खाली नाव आहे, ते वाचणाऱ्यांनी तेथे वाचावे, असे त्याचे म्हणणे पडले. वाचकांनी पाने उलटून ती कथा अवश्य वाचावी. ज्यांना कन्नड येत नाही, त्यांना मी वाचून दाखवायला तयार आहे.